वळणातला प्रवाह: जाळी वाकवायची, की भिंत जाळीत बुडवायची?

कमाटीबागकर (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा. मकरपुऱ्याला एका छोट्या डिझाइन ऑफिसात हायड्रॉलिक यंत्रांच्या तेलाच्या नळ्यांचं काम करतो. गेले दोन महिने रात्री घरी बसून स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहितोय. नव्वद अंशांत वळलेल्या नळीतून तेल जाताना दाब किती घटतो, एवढंच तो काढतो. विकतचं सॉफ्टवेअर ऑफिसात आहे, पण त्याच्या पोटात काय चालतं ते मला स्वतःच्या हाताने करून बघायचंय.

आकडे असे. नळीचा आतला व्यास २० मिमी, वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या ६० मिमी, तेलाची श्यानता (चिकटपणा) ४० सेंटीस्टोक्स, सरासरी वेग सेकंदाला १ मीटर. म्हणजे रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास भागिले श्यानता) ५००, प्रवाह थराथरांचा, टर्ब्युलन्स म्हणजे खळबळ नाही. तेल असंपीड्य, म्हणजे दाबलं तरी आकारमान न बदलणारं, धरलंय.

पद्धत साधी. नळीची जागा छोट्या ठोकळ्यांत वाटून प्रत्येकात हिशेब करायचा, त्या ठोकळ्यांची मांडणी म्हणजे जाळी. मी चौकोनी ठोकळ्यांची सरळ जाळी घेतली. ज्या ठोकळ्याचा मध्य तेलात पडतो तो चालू, धातूत पडतो तो बंद. आधी दाब बाजूला ठेवून वेग एक पाऊल पुढे न्यायचा, मग दाबाचं प्वासाँ समीकरण (शेजारशेजारच्या ठोकळ्यांचे दाब एकमेकांशी बांधणारं) सोडवून तो वेग दुरुस्त करायचा. दोन सपाट पाट्यांमधल्या प्रवाहावर चालवून बघितलं, तर कागदावरच्या सूत्राशी चौथ्या दशांशापर्यंत जुळलं. त्या रात्री आईला उठवून स्क्रीन दाखवला होता.

मग गोल नळी घेतली आणि बिनसलं. जाळी बारीक करत गेलो तर दाबाची घट कधी वर उडी मारते, कधी खाली. भिंतीवरचं घर्षण काढलं तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा. जाळी बारीक केली की दाते बारीक होतात, जात मात्र नाहीत.

ऑफिसात दोन मतं आहेत. एक म्हणतो, भिंतीला धरून वाकणारी जाळी घे. दुसरा म्हणतो, जाळी चौकोनीच ठेव आणि भिंत तिच्यात बुडव, इमर्स्ड बाउंड्री म्हणतात ते. तुमच्यापैकी कोणी वक्र भिंतींच्या आतला प्रवाह स्वतः सोडवलाय का? कुठली वाट धरू?


पाइपवाला · शनिवार, रात्री ११.०५

भाऊ, वळणाचा के-फॅक्टर, म्हणजे दाब किती घटतो त्याचा गुणांक, तक्त्यात मिळतो. तो वेगाच्या वर्गाने गुण आणि झोप. आम्ही तीस वर्षं तसेच पाइप टाकतोय.


कमाटीबागकर · शनिवार, रात्री ११.१२

पाइपवाला काका, ते तक्ते बहुतेक टर्ब्युलंट प्रवाहाचे असतात. रेनॉल्ड्स ५०० ला के स्थिर राहतच नाही, रेनॉल्ड्स उतरला की तो वाढत जातो. पाण्याच्या लाइनीला तक्ता बरोबर, पण गार तेलाला तो फार कमी उत्तर देईल.


पाइपवाला · शनिवार, रात्री ११.१५

हे मान्य. थंडीत सकाळी पहिल्यांदा मशीन चालू करताना रिटर्न लाइनचा दाब कसा चढतो ते डोळ्यांनी बघितलंय. लिही पुढे, वाचतोय.


शून्य_डायव्हर्जन्स · रविवार, सकाळी ७.३०

धागाकर्त्याने प्रश्न जाळीचा म्हणून मांडलाय. मला वाटतं मुळाशी दाब आहे, म्हणून आधी तिथून.

असंपीड्य प्रवाहात वेगासाठी समीकरण आहे, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. दाबाला काम एकच: प्रत्येक ठोकळ्यात जेवढं तेल शिरेल तेवढंच बाहेर पडावं. कुठे एका थेंबाची तूट दिसली की दाब ती भरून काढतो, आणि प्वासाँ समीकरणाच्या स्वभावामुळे ती दुरुस्ती एका क्षणात सगळ्या नळीभर पसरते. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत हार्लो आणि वेल्च यांनी दाब ठोकळ्याच्या मध्यावर आणि वेग ठोकळ्याच्या कडांवर ठेवायची युक्ती काढली. १९६८ मध्ये कोरिनने ही आधी-वेग-मग-दाब दुरुस्ती नीट गणितात बसवली. तू करतोयस ते त्यांचंच.

आता वक्र भिंतीवर काय होतं बघ. भिंतीला लागून असलेल्या ठोकळ्यात तू भिंतीची जागा अर्ध्या ठोकळ्याने चुकवलीस, तर ती चूक भिंतीपाशी बसून राहत नाही. दाब ती उचलतो आणि आख्ख्या नळीत वाटून टाकतो. सपाट पाट्यांना हा त्रास नव्हता, कारण तिथे भिंत बरोबर ठोकळ्याच्या कडेवर होती.


घरची_भाकरी · रविवार, सकाळी ९.२०

मी गणितातली नाही, घर सांभाळते, पण धागा वाचायला घेतला आणि सोडवेना. एक बाळबोध प्रश्न. ठोकळे लहान लहान करत गेलं तर भिंतीला पडलेल्या ठोकळ्यांच्या पायऱ्या शेवटी गोलच दिसणार ना? मग उत्तरही गोलाचंच का येत नाही?


दांडियाबाजारचे_आजोबा · रविवार, सकाळी ११.००

घरची_भाकरी ताई, प्रश्न बाळबोध नाही, या धाग्यातला सगळ्यात खोल प्रश्न आहे. मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, बरीच वर्षं द्रवयांत्रिकी शिकवली आणि पहिल्याच तासाला फळ्यावर हेच काढत असे.

एक मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. त्याच्याभोवती पायऱ्या काढा, फक्त आडव्या आणि उभ्या रेषांच्या. आता त्या पायऱ्यांची लांबी मोजा. सगळ्या आडव्या रेषा मिळून वर एक मीटर, खाली एक मीटर. उभ्याही तशाच, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. एकूण चार मीटर. पायऱ्या हजारपट बारीक करा, बेरीज चारच राहते. वर्तुळाचा परीघ ३.१४ मीटर. म्हणजे डोळ्याला गोल दिसणारी ही भिंत खऱ्या भिंतीपेक्षा २७ टक्के लांब आहे, आणि कितीही बारीक केली तरी तेवढीच लांब राहील.

क्षेत्रफळ मात्र बरोबर होत जातं. म्हणून नळीतून एकूण जाणारं तेल हळूहळू खऱ्याच्या जवळ येतं, पण भिंतीच्या लांबीवर आणि दिशेवर अवलंबून असलेली गोष्ट, म्हणजे घर्षण, जवळ येत नाही. शिवाय पायरीच्या उभ्या अंगावर तेल दाबतं. खऱ्या गुळगुळीत भिंतीवर जी ओढ निव्वळ घर्षणाची असते, तिचा एक भाग पायऱ्यांवर दाबाचा होऊन बसतो. धागाकर्त्या, तू पायऱ्यांच्या अंगावरचा दाब बेरजेत धरलास का?


कमाटीबागकर · रविवार, दुपारी १२.१०

आजोबा, नाही धरला. फक्त घर्षण मोजलं. हे डोक्यातच आलं नव्हतं.


दांडियाबाजारचे_आजोबा · रविवार, दुपारी १२.४५

मग करवतीचे दाते कुठून आले ते कळलं. माझं मत स्पष्ट आहे: भिंत वक्र तर जाळी वक्र. १९७४ मध्ये थॉम्प्सन, थेम्स आणि मास्टिन यांनी कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराला धरून बसणारी जाळी समीकरणं सोडवून कशी तयार करायची ते दाखवलं. तेव्हापासून ही वाट मळलेली आहे.

पण फुकट काही मिळत नाही. जाळी वाकली की समीकरणांत भूमितीची पदं येतात. गोल निर्देशकांत (जागा त्रिज्या आणि कोनाने सांगायची रीत) वेगाच्या समीकरणात वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या असं पद दिसतं ना, तसं. प्रत्येक ठोकळ्याच्या बाजूंचं क्षेत्रफळ आणि दिशा अशा रीतीने काढायला हव्यात की बंद ठोकळ्याभोवती त्यांची बेरीज नेमकी शून्य यावी. ती आली नाही, तर तुझा प्रोग्रॅम रिकाम्या जागेतून तेल निर्माण करेल. याची परीक्षा अगदी सोपी: वाकड्यातिकड्या जाळीत सगळीकडे एकसारखा सरळ वेग भर, एक पाऊल चालव आणि तो एकसारखाच राहतो का बघ. मी विद्यार्थ्याकडून ही परीक्षा करून घेतल्याशिवाय त्याचा पुढचा एकही आलेख पाहत नसे.


वैदेही_जो · रविवार, दुपारी ३.३०

आजोबा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून इथे मी वेगळं म्हणेन. "भिंत वक्र तर जाळी वक्र" हे स्थिर भिंतीला ठीक. भिंत हलायला लागली की काय करायचं?

मी हृदयाच्या झडपांवर पीएचडी करतेय. झडपेचं पान एका ठोक्यात उघडतं, दुमडतं, मिटतं. भिंतीला धरून बसलेली जाळी तिथे ताणून फाटते, दर क्षणी नवी बांधावी लागते. पेस्किनने १९७२ मध्ये याच अडचणीतून वाट काढली. जाळी चौकोनी आणि जागच्या जागी. भिंत म्हणजे त्या जाळीतून तरंगणारी बिंदूंची माळ. माळेतला प्रत्येक बिंदू आजूबाजूच्या ठोकळ्यांवर थोडं थोडं बल टाकतो आणि द्रवाला आपल्या वेगाने चालायला लावतो. ही पद्धत जन्मालाच आली हृदयातल्या रक्तप्रवाहासाठी.

तिची कमजोरीही सांगते, लपवत नाही. बल दोन-तीन ठोकळ्यांवर पसरवलेलं असतं, म्हणून भिंत थोडी फुगलेली, अंधुक होते. भिंतीपाशी अचूकता घसरते, जाळी दुप्पट बारीक केली तर चूक जेमतेम निम्मी होते. आणि माळेतले बिंदू जाळीच्या मानाने विरळ ठेवले तर द्रव चक्क भिंतीतून पाझरतो. माझ्या पहिल्या वर्षात मिटलेल्या झडपेतून रक्त गळत होतं आणि मी तीन आठवडे दाबाच्या सॉल्व्हरमध्ये दोष शोधत बसले होते.

म्हणून धागाकर्त्याला माझं उत्तर: तुझी नळी हलत नाही, तुला भिंतीवरचं घर्षण हवंय. तुझ्यापुरते आजोबा बरोबर. पण नियम म्हणून नाही.


दांडियाबाजारचे_आजोबा · रविवार, सायंकाळी ५.००

वैदेही, मान्य. हलणाऱ्या भिंतीचा विचार मी केला नव्हता. आमच्या वेळी आमच्या भिंती हलत नसत. झडपेबद्दल आणखी लिही, वेळ मिळेल तेव्हा.


रावपुरा_अनंत · रविवार, रात्री ८.१५

विषय निघालाच आहे तर एक अभिमानाची गोष्ट. जगातल्या बहुतेक प्रवाह सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या पोटात जी 'सिंपल' नावाची पद्धत आहे, ती १९७२ मध्ये सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी मांडली. पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, मग मुंबई आयआयटी, मग लंडनला इंपीरियल कॉलेजात स्पॉल्डिंग यांच्याकडे पीएचडी, पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचं १९८० चं पुस्तक मी झेरॉक्स करून वाचलं. दाबाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून वेग काढायचा, तूट किती ते बघायचं, तेवढ्यापुरता दाब आणि वेग सुधारायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीत पूर्ण सुधारणा लादली तर गाडी उधळते, म्हणून दाबाची साधारण ०.३ आणि वेगाची ०.७ एवढीच स्वीकारायची. इतक्या स्वच्छ भाषेत लिहिलेलं तांत्रिक पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

आता मुद्द्याचं. कडांवर वेग ठेवायची जी युक्ती वर आली, ती वाकड्या जाळीत जड जाते. ठोकळ्याची कड दर पावलाला दिशा बदलते, मग तिच्यावर वेगाचा कुठला घटक ठेवायचा? म्हणून वाकड्या जाळीत लोक वेग आणि दाब दोन्ही ठोकळ्याच्या मध्यावर ठेवतात. तसं केलं की दुसरं भूत उभं राहतं, बुद्धिबळाच्या पटाचं. एका ठोकळ्यात दाब १००, शेजारी ०, पुन्हा १००, पुन्हा ०. मधल्या ठोकळ्याला दोन्ही शेजारी सारखेच दिसतात, त्याला वाटतं दाब सपाट आहे. असा खोटा पट उत्तरात शांतपणे बसून राहतो. १९८३ मध्ये री आणि चाऊ यांनी विमानाच्या पंखाचा प्रवाह सोडवताना यावर औषध दिलं: कडेवरचा वेग नुसत्या सरासरीने काढायचा नाही, त्यात कडेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांचा थेट फरक मिसळायचा. कमाटीबागकर, तू वाकडी जाळी घेणार असशील तर हे पहिल्या दिवशीच घाल. माझा एक महिना यात गेला होता.


इंदूरचा_पाहुणा · रविवार, रात्री ९.०५

बडोदेकरांनो, आमच्याकडे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात या, जिलबीकडे बघून वक्र जाळी आपोआप सुचेल.


घरची_भाकरी · रविवार, रात्री ९.२०

जिलबी नंतर. बडोद्यात सेव उसळ खाऊन मग गणित.


कमाटीबागकर · सोमवार, रात्री ११.३०

सर्वांचे आभार. काल रात्री आणि आज सकाळी ऑफिसला जाण्याआधी नवी जाळी बांधली. नळीच्या छेदात मधोमध चौकोन आणि त्याच्याभोवती वर्तुळाकडे झुकत जाणारे थर, ओ-ग्रिड. थेट गोल निर्देशकांची जाळी घेतली नाही, कारण तिच्यात मध्याशी ठोकळे केकच्या तुकड्यांसारखे टोकदार होतात आणि त्रिज्या शून्य झाली की भागाकार अडतो.

परिघावर १६ भाग घेतले. आजोबांची परीक्षा दिली, एकसारखा वेग एकसारखाच राहिला. री-चाऊ घातलं. उत्तर आता उड्या मारत नाही, आलेख गुळगुळीत आहे. पण वळण सोडून साध्या सरळ नळीवर चालवलं तर दाबाची घट सूत्रापेक्षा साधारण ५ टक्के जास्त येते. आता कुठे चुकतोय?


पाइपवाला · मंगळवार, सकाळी ६.५०

हा प्रश्न माझ्या धंद्यातला निघाला. मोठ्या व्यासाचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, तयार मिळत नाही तेव्हा आम्ही पाइपाचे तिरके तुकडे कापून वेल्डिंगने जोडतो, मायटर बेंड म्हणतात त्याला. लांबून गोल, जवळून कोनांचा. तुझ्या परिघावर १६ भाग म्हणजे तुझी नळी गोल नाहीच, सोळा कोनांची आहे. कोपरे वर्तुळावर आणि बाजू आत. वाट अरुंद झालीच की.


शून्य_डायव्हर्जन्स · मंगळवार, सकाळी ८.१०

पाइपवाला काकांना दंडवत. हिशेब करून बघितला. वर्तुळात बसवलेल्या १६ कोनी आकृतीचं क्षेत्रफळ वर्तुळापेक्षा २.५५ टक्के कमी भरतं. थरांच्या प्रवाहात तेवढंच तेल ढकलायला लागणारा दाब व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त, म्हणजे साधारण क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त. ०.९७४५ चा वर्ग करून उलटा केला की १.०५३. तुझे ५ टक्के तिथेच आहेत, प्रोग्रॅम बरोबर आहे. ३२ भाग घेतलेस तर क्षेत्रफळाची तूट ०.६४ टक्के आणि दाबाची चूक १.३ टक्क्यांच्या आसपास येईल. भाग दुप्पट, चूक चौथाई.

किंवा ठोकळ्याच्या बाजूच वक्र कर. फायनाइट एलिमेंट ही दुसरी गणिती पद्धत वापरणारे तेच करतात, बाजूच्या मध्यावर एक जादा बिंदू ठेवून तो खऱ्या वर्तुळावर सरकवतात.


पाइपवाला · मंगळवार, सकाळी ९.००

एक विचारतो. नळी वाकवली की ती गोल राहत नाही, चपटते. आतल्या बाजूला जाड, बाहेरच्या बाजूला पातळ होते. मग या ०.६४ टक्क्यांना अर्थ काय?


शून्य_डायव्हर्जन्स · मंगळवार, सकाळी १०.३०

चांगला प्रश्न, तोही आकड्यात बसवून बघू. समजा वाकवताना एक व्यास ४ टक्के वाढला आणि दुसरा ४ टक्के घटला. लंबवर्तुळाच्या नळीचं सूत्र कागदावर आहे. त्यातून याच दाबाला तेल साधारण ०.६ टक्के कमी जातं, एवढंच. डोळ्याला चपटेपणा ठळक दिसतो, पण दाबावर त्याचा परिणाम सोळा कोनांपेक्षा कितीतरी कमी. म्हणून आधी कोन घालवू, मग चपटेपणाकडे जाऊ.


घरची_भाकरी · मंगळवार, दुपारी ४.१५

चहा करताना तुमचा धागा आठवला. पातेल्यात चमचा फिरवून काढला की पत्ती मधोमध गोळा होते. फिरणाऱ्या गोष्टी बाहेर फेकल्या जातात ना? मग पत्ती आत का येते? आणि याचा वळणाशी काही संबंध आहे का?


दांडियाबाजारचे_आजोबा · मंगळवार, सायंकाळी ६.२०

थेट संबंध आहे. याच चहाच्या पत्तीवर आइनस्टाइनने १९२६ मध्ये लेख लिहिला, आणि तो नद्यांच्या वळणांवर होता. पाणी गोल फिरताना कडेला दाब जास्त असतो, मध्यावर कमी. वरचं पाणी वेगाने फिरतं, त्यामुळे हा दाबाचा फरक आणि बाहेर जाण्याची ओढ बरोबरीत राहतात. तळाशी मात्र घर्षणामुळे पाणी मंद असतं. त्याची बाहेर जाण्याची ओढ कमी पडते, आणि दाब त्याला आत ढकलतो. ते तळातून आत येतं, पत्ती सोबत घेऊन.

आता कमाटीबागेत पुलावर उभ्या राहा आणि विश्वामित्रीच्या वळणाकडे बघा. बाहेरचा काठ उभा, खचलेला. आतल्या काठावर गाळाचा मऊ उतार. कारण तेच. तळाचं मंद पाणी गाळ घेऊन आतल्या काठाकडे सरकतं, वरचं वेगवान पाणी बाहेरचा काठ खातं. पावागडाहून निघालेली ही नदी शहरात शिरल्यावर इतकी वळणं घेते की तिच्यात हा पेचदार प्रवाह जागोजागी चालू असतो. मी विद्यार्थ्यांना तिथे उभं करून शिकवत असे, गाळावर ऊन खात पडलेल्या मगरी साक्षीला.

नळीतही हेच. १९२७ मध्ये डीनने वाकड्या नळीचं गणित सोडवलं. मधलं वेगवान तेल बाहेरच्या भिंतीकडे जातं, भिंतीलगतचं मंद तेल दोन्ही बाजूंनी आत परततं, आणि छेदात दोन उलटसुलट भोवरे तयार होतात. त्यांचं मोजमाप म्हणजे डीन अंक: रेनॉल्ड्स गुणिले नळीची त्रिज्या भागिले वळणाची त्रिज्या याचं वर्गमूळ. धागाकर्त्याच्या नळीत १० भागिले ६० चं वर्गमूळ ०.४०८, गुणिले ५००, म्हणजे सुमारे २०४. एवढ्या डीन अंकाला लांब गुंडाळीत घर्षण सरळ नळीच्या जवळपास दुप्पट होतं. तुझं वळण पाव वर्तुळाचं आहे, भोवरे पुरते तयार होण्याआधीच संपतं. तेव्हा तुझं उत्तर एकपट आणि दुप्पट यांच्या मध्ये पडायला हवं. त्याच्या बाहेर गेलं तर चूक शोध.


रावपुरा_अनंत · मंगळवार, रात्री ८.००

विश्वामित्रीचं नाव निघालं म्हणून. २०१९ आणि २०२४ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. पुराची जी मॉडेल असतात ती खोलीभर वेगाची सरासरी घेतात ना? मग तळाचं पाणी आत आणि वरचं बाहेर हे त्यात दिसणार कसं?


दांडियाबाजारचे_आजोबा · मंगळवार, रात्री ८.४०

दिसत नाही. तळाचं आत, वरचं बाहेर, सरासरी शून्य. पाणी किती चढेल यासाठी ते बऱ्याच अंशी चालतं, पण काठ कुठे खचेल आणि गाळ कुठे बसेल हे विचारलं तर सरासरीचं मॉडेल गप्प बसतं. म्हणून वळणाच्या वक्रतेवरून त्या पेचदार प्रवाहाचा अंदाज बांधून तो वेगळा जोडावा लागतो. नाहीतर पूर्ण तीन मितींत सोडवायचं. आपल्या नदीवर गाळ उपसायच्या आणि काठ बांधायच्या गोष्टी होतात तेव्हा हा फरक कोणीतरी विचारायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढणाऱ्याला सरासरी पुरत नाही.


वैदेही_जो · बुधवार, रात्री १२.१०

कमाटीबागकर, दोन गोष्टी.

पहिली: तुझी नळी वर-खाली सममित आहे. अर्धीच सोडव, वेळ निम्मा लागेल. कापलेल्या सपाट पृष्ठावर अट एवढीच की तेल त्याच्या आरपार जाऊ नये, बाजूने मोकळं घसरावं.

दुसरी: ही घसरणारी अट सपाट पृष्ठावर निर्धास्त वापर, पण वक्र भिंतीवर कधी वापरशील तर जपून. भिंत कोनाकोनांची असेल आणि प्रत्येक बाजूवर तेल आरपार जाऊ नये असं सांगितलं, तर कोपऱ्यावर दोन बाजू मिळतात. तिथल्या वेगाने दोन वेगवेगळ्या दिशांना नाही म्हणायचं, म्हणजे तो शून्यच. जाळी बारीक केली की कोपरे वाढतात, प्रत्येक कोपऱ्यावर वेग शून्य, आणि शेवटी घसरणारी भिंत चिकटणारी होऊन बसते. जाळी जितकी बारीक, उत्तर तितकं ठामपणे चुकीचं. पातळ पत्र्याच्या गणितात याचा भाऊ बाबुश्काचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो. उपाय आहेत: कोपऱ्यावर दोन्ही बाजूंची सरासरी दिशा घ्यायची, किंवा बाजूच वक्र करायच्या.

घरची_भाकरी ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर. दिसायला गोल झालं म्हणजे द्रवाला गोल वाटलं असं नाही.


घरची_भाकरी · बुधवार, सकाळी ७.००

हे दोनदा वाचलं आणि कळलं. मुलीला वाचून दाखवणार आहे, ती यंदा बारावीला आहे.


दांडियाबाजारचे_आजोबा · बुधवार, सकाळी ९.३०

धागाकर्त्या, वळणाकडे जाण्याआधी माझं एक काम कर. एकात एक दोन नळकांडी घे. आतल्याची त्रिज्या १, बाहेरच्याची २. आतलं एककाच्या कोनीय वेगाने फिरतंय, बाहेरचं स्थिर. याचं उत्तर कागदावर निघतं: वेग म्हणजे उणे त्रिज्येचा तृतीयांश अधिक चार तृतीयांश भागिले त्रिज्या. त्रिज्या १ ला वेग १, त्रिज्या २ ला शून्य, आणि बरोबर मध्ये १.५ ला ०.३८९. सरळ भिंती असत्या तर मध्ये ०.५ आला असता, हा फरक निव्वळ वक्रतेचा. आपले दोन्ही प्रोग्रॅम, पायऱ्यांचा आणि वाकड्या जाळीचा, यावर चालव. टॉर्कही, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, काढ: दर एकक लांबीला १६ पाय (π) भागिले ३ गुणिले श्यानता. श्यानता १ धरलीस तर १६.७६.


कमाटीबागकर · शुक्रवार, रात्री ११.५०

आजोबा, केलं. तीन रात्री लागल्या.

वाकडी जाळी: मध्यावर ०.३८९ मिळालं, आणि जाळी दुप्पट बारीक केली की चूक चौथाई होते, प्रत्येक वेळी. भिंतीवर मोजलेला टॉर्कही १६.७६ कडे सरकत जातो.

पायऱ्यांची जाळी: मध्यावरचा वेग हळूहळू ०.३८९ कडे जातो, मध्येच अडखळत. भिंतीवर नुसत्या घर्षणातून काढलेला टॉर्क मात्र जाळी कितीही बारीक केली तरी चुकीचाच. मग आठवलं की प्रवाह स्थिरावला की टॉर्क प्रत्येक वर्तुळावर सारखाच असायला हवा. म्हणून भिंतीवर मोजायचं सोडलं आणि १.५ त्रिज्येच्या वर्तुळावर मोजला, जिथे पायऱ्या नाहीत. तिथे तो खऱ्याजवळ येतो. पायऱ्यांच्या अंगावरचा दाब धरला तर भिंतीवरची बेरीजही त्याच्याशी जुळते. म्हणजे दोन महिने माझा जुना प्रोग्रॅम जितका चुकत होता, त्याहून जास्त मी मोजायची जागा चुकवत होतो.

वळणाचं अजून चालू आहे. परिघावर ३२ भाग, अर्धी नळी. दोन भोवऱ्यांपैकी माझ्या अर्ध्यातला एक स्क्रीनवर दिसतोय, सगळ्यात वेगवान तेल बाहेरच्या भिंतीकडे सरकलंय. वळणातली दाबाची घट सरळ नळीच्या एकपट आणि दुप्पट यांच्या मध्ये आहे. आईला आज उठवलं नाही, उद्या सकाळी दाखवीन.

चपटेपणा अजून घातलेला नाही, कारण खरी नळी किती चपटते ते माझ्याकडे नाही.


दांडियाबाजारचे_आजोबा · शनिवार, सकाळी ६.१५

वर्तुळ मध्ये घेऊन टॉर्क मोजणं मी तुला सांगितलं नव्हतं. शाब्बास.


पाइपवाला · शनिवार, सकाळी ८.४०

२० मिमीची नळी, ६० च्या त्रिज्येत वाकवलेली, दोन-तीन तुकडे माझ्या शेडमध्ये पडलेत. एक मधोमध कापून ठेवतो. व्हर्नियर घेऊन सोमवारी संध्याकाळी ये, सहानंतर कधीही.


कमाटीबागकर · शनिवार, सकाळी ८.५२

येतो काका. दर पंधरा अंशांवर कापता येईल का? चपटेपणा वळणाच्या मधोमध सर्वांत जास्त असावा, तसं असेल तर जाळीही तशीच बदलत न्यावी लागेल.


पाइपवाला · शनिवार, सकाळी ८.५५

कापतो.